शिफ्टमधलाच माणूस उद्याचा सुपरवायझर : घडवायचा कसा?

इंद्रायणीकाठ

नमस्कार मंडळी,

चाकण पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम कारखान्यात मी उत्पादन विभाग सांभाळतो. आमच्याकडे आणि आजूबाजूच्या बऱ्याच कारखान्यांत एक गोष्ट वर्षानुवर्षं तशीच चालू आहे. सुपरवायझर राजीनामा देतो आणि मग धावपळ सुरू होते. एक तर बाहेरून डिप्लोमावाला इंजिनिअर आणायचा, नाहीतर लाइनवरचा सगळ्यात तरबेज ऑपरेटर उचलायचा आणि सोमवारपासून त्याच्या हातात शिफ्ट द्यायची. बाहेरून आलेल्याचे पहिले काही महिने मशिन आणि माणसं ओळखण्यातच जातात. जरा हात बसला की थोडा जास्त पगार मिळाला म्हणून तो शेजारच्या कंपनीत निघून जातो. आतून उचललेल्याला मशिन येतं, पण माणसं सांभाळायला त्याला कुणी शिकवलेलंच नसतं. मग अडचण आली की तो स्वतःच मशिनवर उभा राहतो, कारण तिथे त्याला खात्री वाटते. त्याच्या मागे आठ-दहा माणसं काय करताहेत, हे बघायला कुणीच नसतं. कारखान्याच्या हातून एक उत्तम ऑपरेटर जातो आणि बदल्यात गांगरलेला सुपरवायझर मिळतो.

माझं मत असं की बढतीचं पत्र निघायच्या आधी किमान वर्षभर त्या माणसाला घडवायला घेतलं पाहिजे. हे काम त्याच्या थेट वरिष्ठाचं आहे आणि ते लाइनवरच, चालू कामात व्हायला हवं. वरिष्ठाने बाजूला उभं राहायचं, प्रश्न विचारायचे, निर्णय त्याला घेऊ द्यायचा आणि नंतर त्याच्याबरोबर बसून त्या निर्णयाची उजळणी करायची. हॉटेलच्या हॉलमध्ये दोन दिवसांचं प्रशिक्षण मी वाईट म्हणत नाही, पण तिथे शिकलेलं लाइनवर कुणी रोज वापरून घेतलं नाही तर पहिल्या मोठ्या ब्रेकडाऊनला सगळं विसरायला होतं.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते सांगतो. दुसऱ्या पाळीत एका सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशिनवर) बोअरचं, म्हणजे आतल्या भोकाचं, माप खालच्या मर्यादेकडे सरकत होतं. टीम लीडर दर थोड्या नगांनी ऑफसेट देत होता, म्हणजे मशिनच्या सेटिंगमध्ये बारीक दुरुस्ती करत होता. माप मर्यादेत येई आणि पुन्हा घसरे. शिफ्ट इनचार्ज तिथे आला. त्याने एक नजर टाकली आणि कूलंटचा (गार ठेवणाऱ्या द्रवाचा) नोझल इन्सर्टवरून, म्हणजे धातू कापणाऱ्या टोकावरून, सरकलाय हे त्याच्या लगेच लक्षात आलं. तो ते बोलला नाही. आधी त्याने शेवटच्या तपासणीनंतरचे सगळे नग लाल ट्रेमध्ये बाजूला काढायला लावले, म्हणजे ग्राहकाकडे काही जायला नको. मग विचारलं, "एक इन्सर्ट एरवी किती नग काढतो? आज किती काढले? ऑफसेट देऊन काय सुटलं, काय राहिलं? टोक लवकर झिजतंय असं म्हणतोस, तर झिजायला काय काय कारणं असू शकतात? त्यातलं आधी काय बघशील?" टीम लीडरने आधी मटेरियलवर संशय घेतला. इनचार्ज म्हणाला, "बघ. मी वीस मिनिटांनी येतो." तो परत आला तेव्हा पोराने त्याच हीट नंबरचे (एकाच ओतणीच्या धातूचे) नग शेजारच्या मशिनवर व्यवस्थित निघताहेत हे पाहून ठेवलं होतं, दार उघडून नोझल सरळ केला होता आणि पाळीच्या सुरुवातीला चिप काढताना तो हलला असणार हेही शोधलं होतं. पुढच्या आठवड्यात त्याने आपणहून नोझलच्या जागेवर मार्करने खूण करून घेतली आणि सुरुवातीच्या तपासणीच्या तक्त्यात एक ओळ वाढवली.

इनचार्जने स्वतः नोझल फिरवला असता तर काम एका मिनिटात झालं असतं, आणि पुढच्या वेळी पुन्हा त्यालाच बोलावणं आलं असतं.

असले प्रश्न विचारायची पद्धत टोयोटाच्या कामावरून जगभर पसरली : कुठे पोहोचायचं आहे, आत्ता कुठे आहोत, आड काय येतंय, पुढचं पाऊल काय आणि त्यातून काय होईल असं वाटतं, ते काय शिकवून गेलं हे बघायला कधी जायचं. पण याचं मूळ त्याहून जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतले कसबी कामगार सैन्यात गेले. कारखान्यांत नवखी माणसं आली, त्यात बायका मोठ्या संख्येने होत्या. त्यांना शिकवायला तरबेज सुपरवायझर पुरेनात. तेव्हा १९४० ते १९४५ या काळात 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा सरकारी कार्यक्रम चालला. काम कसं शिकवायचं, पद्धत कशी सुधारायची आणि माणसांशी कसं वागायचं, असे त्याचे तीन मुख्य भाग. प्रत्येक भाग दहा तासांचा, दोन-दोन तासांच्या पाच बैठकांत. १६ लाखांहून जास्त लोकांनी तो पूर्ण केला. युद्ध संपल्यावर अमेरिकेत तो मागे पडला. जपानमध्ये मात्र त्याने मूळ धरलं आणि १९५०च्या दशकात टोयोटाने तो आपलासा केला. "कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही" हे त्यातलं ब्रीदवाक्य मला फार मोलाचं वाटतं.

आता माझा प्रश्न. हे सगळं करायला वेळ लागतो आणि तो शिफ्ट इनचार्जच्या दिवसातून काढावा लागतो. उत्पादनाचा आकडा रोज संध्याकाळी विचारला जातो. किती माणसं तयार केली, हे वर्षाअखेरीलासुद्धा कुणी विचारत नाही. तुमच्याकडे हे कुठे जमलंय? कसं जमवलंत?

---

टूलरूम

उत्तम विषय. मी फिटर म्हणून शिकायला लागलो तेव्हा आमचे वस्ताद फारसं बोलायचे नाहीत. जॉब व्हाइसला लावायचा, फाइल मारायची, गुण्या लावून उजेडाकडे धरायचं. फट दिसली की जॉब परत. का, कसं, काही नाही. "बघ आणि शीक." त्या पद्धतीत जे टिकले ते फार तयार झाले, यात शंका नाही. पण किती जण मधेच सोडून गेले, याचा हिशोब कुणी ठेवला नाही. आज तेवढी माणसं वाया घालवणं कोणत्याही कारखान्याला परवडणार नाही.

तुम्ही ज्या कार्यक्रमाचा उल्लेख केलात त्यातला काम शिकवायचा कागद मी पुढे बरीच वर्षं वापरला. तीन रकाने : मुख्य पायऱ्या, प्रत्येक पायरीतली मेख, आणि ती मेख का. माझ्या अनुभवात तिसरा रकाना भरताना भलेभले अडतात. वीस वर्षं काम करणाऱ्याला "हा बोल्ट आधी हाताने दोन आटे का लावायचा?" असं विचारलं की तो म्हणतो, "तसंच लावतात." मग आठवून आठवून सांगतो, की थेट गनने लावला तर आटे तिरके धरतात आणि अ‍ॅल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये ते कळेपर्यंत जॉब गेलेला असतो. ज्याला हा रकाना भरता येतो, तो शिकवू शकतो. म्हणून पुढचा सुपरवायझर कोण, हे बघताना मी त्याला आधी एक नवा पोरगा शिकवायला द्यायचो. मशिनवर किती वेगात हात चालतो हे पाहण्यापेक्षा त्या पोराचा पहिला बरोबर नग किती लवकर निघतो, हे पाहायचो.

तुमच्या गोष्टीत इनचार्जने आधी नग बाजूला काढायला लावले, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. गप्प राहायचं, पण कुठे? प्रेसवर, क्रेनखाली, विजेच्या पॅनेलजवळ शिकाऊ माणसाचं चुकायला लागलं तर प्रश्न विचारत बसायचं नसतं. तिथे हात धरून थांबवायचं आणि बोलायचं नंतर. हा फरक कोच होणाऱ्याला पहिल्या दिवशी सांगायला हवा.

---

स्टुटगार्ट मुक्काम

टूलरूमकाकांच्या शेवटून दुसऱ्या मुद्द्यावर इकडची माहिती देतो. जर्मनीत कारागिरीच्या व्यवसायांत माइस्टर, म्हणजे परीक्षा देऊन झालेला उस्ताद, व्हायचं तर परीक्षेचे चार भाग असतात : हातकाम, त्याची तांत्रिक माहिती, व्यवसाय आणि कायदा, आणि चौथा शिकवण्याचा. हा चौथा भाग पास झाल्याशिवाय माइस्टर होता येत नाही, मग तुमच्या हातात कितीही जादू असो. कारखान्यातल्या माइस्टरलाही प्रशिक्षक म्हणून पात्रता दाखवावी लागते. त्याच्या प्रात्यक्षिक परीक्षेत एखादा कामाचा प्रसंग निवडून तो शिकाऊ उमेदवाराला कसा शिकवाल हे मांडायचं असतं, त्यावर परीक्षक प्रश्न विचारतात. सगळं मिळून अर्धा तास.

माझ्या विभागातले माइस्टर याच कारखान्यात सोळा-सतराव्या वर्षी शिकाऊ म्हणून आले होते. आता त्यांच्या हाताखाली शिकलेले दोघे जण माइस्टरच्या परीक्षेची तयारी संध्याकाळच्या वर्गात करताहेत. आपल्याकडे १९६१ पासून शिकाऊ उमेदवारी कायदा आहे, कारखान्यांत अ‍ॅप्रेंटिस येतात, पण त्यांना शिकवणाऱ्याला शिकवता येतं का, हे कुणी तपासत नाही. माझ्या मते सुरुवात तिथून करावी.

---

सह्यकडा

मी कामगारांच्या बाजूने लिहितो. पंधराएक वर्षं युनियनमध्ये आहे.

धागालेखकांची कळकळ पोहोचली. पण एक गोष्ट राहून गेली. आमच्याकडचे चांगले ऑपरेटर बढती नको म्हणतात, आणि ते बरोबर म्हणतात. कामगार असताना करारातली पगारवाढ मिळते, ओव्हरटाइमला कायद्याने दुप्पट दर मिळतो, अन्याय झाला तर पाठीशी युनियन असते. स्टाफमध्ये गेला की बहुतेक ठिकाणी ओव्हरटाइम बंद, करार लागू नाही, युनियन नाही. थांबायचं मात्र जास्त. सुट्टीच्या दिवशीही फोन. हातात येणारी रक्कम पहिली काही वर्षं कमीच होते. घराचा हप्ता भरणाऱ्या माणसाने कोणत्या हिशोबाने हो म्हणायचं? तुम्ही वर्षभर घडवा, प्रश्न विचारा, सगळं करा, शेवटी तो पगाराची स्लिप बघणारच.

दुसरं. "आतला माणूस निवडला" म्हणजे नेमका कुठला? साहेबाच्या गावचा, साहेबाच्या पुढे-मागे करणारा, हे आम्ही फार पाहिलंय. म्हणून तर आमची माणसं सेवाज्येष्ठतेचा आग्रह धरतात. ज्येष्ठता फार हुशार कसोटी आहे असं मी म्हणत नाही, पण ती सगळ्यांना दिसते. तुमचं कोचिंग चार भिंतींच्या आत चालणार असेल तर लोक त्याला वशिलाच म्हणतील.

---

इंद्रायणीकाठ

सह्यकडा, दोन्ही मुद्दे मान्य आणि दोन्हींवर थोडं लिहितो.

पगाराबाबत आमच्याकडे व्यवस्थापनाने एवढं केलं, की स्टाफमध्ये जाणाऱ्याचा पगार ठरवताना त्याच्या मागच्या वर्षाच्या ओव्हरटाइमसकट एकूण हातात आलेली रक्कम धरायची आणि त्याखाली जायचं नाही. यासाठी बराच काळ भांडावं लागलं. अजून आदर्श नाही, कारण पुढच्या करारात कामगारांना वाढ मिळाली की तफावत पुन्हा उघडी पडते. पण हे केल्याशिवाय घडवायच्या गप्पा मारूच नयेत, या तुमच्या म्हणण्याशी मी शंभर टक्के सहमत आहे.

निवडीबाबत आम्ही टीम लीडरची संधी आधी सगळ्यांना खुली करतो. नोटीस बोर्डावर लावतो. ज्याला हवं त्याने नाव द्यावं. मग टूलरूम म्हणाले तसंच : नवा माणूस शिकवायला देतो, रजेच्या दिवशी टीम लीडरच्या जागी उभं करतो. कुणाला किती वेळा उभं केलं ते त्याच बोर्डावर असतं. टोयोटात पाच-सहा माणसांमागे एक टीम लीडर असतो आणि तो त्याच गटातून वर आलेला असतो. तिथे टीम लीडरला एका ठरावीक मशिनला बांधत नाहीत. लाइनवर अडचणीचा दिवा लागला की धावून जाणं, मदत करणं, शिकवणं हेच त्याचं काम. आपल्याकडे टीम लीडरला मशिनही चालवायला देतात आणि नेतृत्वही करायला सांगतात. त्यात दोन्हीकडे ओढाताण होते.

---

अबोली

मी हिंजवडीत एका सेवा क्षेत्रातल्या कंपनीत मनुष्यबळ विभागात आहे. कारखान्याचा अनुभव नाही, पण प्रश्न ओळखीचा आहे. इकडे सगळ्यात चांगला कोड लिहिणाऱ्याला टीम मॅनेजर करतात आणि मग तो रात्री जागून दुसऱ्यांचा कोड स्वतः दुरुस्त करत बसतो.

मोठ्या पातळीवरची उदाहरणं बघितली तर आतली माणसं घडवण्यात सातत्य असलेल्या कंपन्या आपल्या डोळ्यांसमोर आहेत. एल अँड टीमध्ये ए. एम. नाईक १९६५ मध्ये कनिष्ठ अभियंता म्हणून लागले आणि १९९९ मध्ये मुख्य कार्यकारी झाले. त्यांच्या जागी २०१७ मध्ये आलेले एस. एन. सुब्रह्मण्यन १९८४ पासून तिथलेच. टीसीएसमध्ये एन. चंद्रशेखरन १९८७ मध्ये लागले, २००९ मध्ये मुख्य कार्यकारी झाले. हिंदुस्तान युनिलिव्हरचे नितीन परांजपे १९८७ मध्ये मॅनेजमेंट ट्रेनी म्हणून आले आणि २००८ मध्ये मुख्य कार्यकारी झाले. वीस ते पस्तीस वर्षांचा हा प्रवास आहे. या लोकांना मधल्या काळात वेगवेगळी कामं, वेगवेगळी गावं, कधी अडचणीत आलेला विभाग दिला गेला. हिंदुस्तान युनिलिव्हर तर आपल्या ट्रेनींना काही आठवडे खेड्यात राहायला पाठवत आली आहे. एकाच खुर्चीत बसवून नुसतं कोचिंग देऊन माणूस तयार होत नाही. नवं, जरासं झेपणार नाही असं वाटणारं काम आणि त्याच वेळी बाजूला कुणीतरी जाणतं माणूस, अशी जोडी लागते.

मला मात्र एक गोष्ट पोटतिडकीने सांगायची आहे. कुणाला घडवायचं, याची यादी बंद खोलीत होते आणि त्या खोलीत मी बसलेली असते. तिथे एखाद्या बाईचं नाव निघालं की कुणीतरी अगदी मायेने म्हणतं, "हुशार आहे, पण मूल लहान आहे, आत्ता नको तिच्यावर ताण." तिला कुणी विचारलेलंच नसतं. तिच्या वतीने नाही म्हणून टाकलेलं असतं. तीन वर्षांनी पुढची जागा निघते तेव्हा "तिला या कामाचा अनुभव नाही" हे कारण तयार असतं. मी आता अशा वेळी एकच मागणी करते : नाव कापायच्या आधी तिला विचारा आणि तिचं उत्तर तिच्या शब्दांत इथे सांगा. इंद्रायणीकाठ यांनी म्हटलेला नोटीस बोर्ड आमच्यासारख्या ऑफिसांतही यायला हवा.

---

टूलरूम

अबोलीताई, अगदी खरं. आमच्याकडे असेंब्ली लाइनवर बायका बहुसंख्येने, आणि लाइन लीडर सगळे पुरुष. कारण विचारलं तर सांगायचे की दुसऱ्या पाळीनंतर घरी सोडायला गाडी नाही. गाडीची सोय झाली त्या वर्षी दोघी जणी लाइन लीडर झाल्या. गाडीचा प्रश्न होता, तो इतकी वर्षं बायकांच्या कुवतीच्या नावावर खपवला गेला होता.

---

गोदाकाठची

मी कारखान्यातली नाही. मराठवाड्यात बचत गटांच्या कामात आहे. तरी लिहावंसं वाटलं, कारण आमच्याकडे बाहेरून माणूस आणायची सोयच नाही. गावातल्या गटाची अध्यक्ष गावातलीच हवी.

माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) १९७५ पासून आहे, उमेद हे राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान २०११ पासून. गट, त्यांचा ग्रामसंघ, ग्रामसंघांचा प्रभागसंघ अशी रचना. गटातल्याच बाया पुढे समुदाय संसाधन व्यक्ती होतात, आम्ही नुसतं सीआरपी म्हणतो. काही वर्धिनी म्हणून दुसऱ्या गावात मुक्कामाला जातात आणि तिथल्या बायांना गोळा करून नवा गट बांधून देतात. स्वतः गटात राहून, कर्ज घेऊन, फेडून आलेली बाई बोलते तेव्हा समोरच्या बायांना पटतं. अधिकाऱ्याच्या भाषणाने ते होत नाही.

घडवणं कसं असतं ते सांगते. गटाचं खातं उघडायला बँकेत जायचं असतं. पहिल्या वेळी सीआरपी बरोबर जाते, अर्ज भरते, साहेबांशी बोलते, अध्यक्ष आणि सचिव नुसत्या बघतात. दुसऱ्या वेळी सीआरपी बरोबर असते पण खुर्चीवर मागे बसते. काउंटरवरचा माणूस तिच्याकडेच बघून बोलायला लागतो, तेव्हा ती म्हणते, "आमच्या अध्यक्षताईंना विचारा." तिसऱ्या वेळी ती बँकेच्या बाहेर थांबते. एक अध्यक्ष घामाघूम होऊन बाहेर आल्या, पासबुक छातीशी धरलेलं. म्हणाल्या, "दोनदा परत पाठवत होते, मी हललेच नाही." पुढे त्याच बाई ग्रामसंघाच्या बैठकीत कर्जाच्या वाटपावर ग्रामसेवकांसमोर बोलायला उभ्या राहिल्या.

अडचणी आहेतच. जिला लिहिता येतं तिच्याकडेच सगळी दप्तरं राहतात आणि तीच कायमची सचिव होते. पदाधिकारी बदलायची वेळ आली की बाकीच्या म्हणतात, तूच राहा बाई, आम्हाला नाही जमत. तिथे आम्ही आग्रह धरतो की येणाऱ्या सचिवाने जुनीच्या शेजारी बसून काही महिने दप्तर लिहायचं आणि जुनीने पेन हातात घ्यायचं नाही. अक्षर वाकडं येतं, बेरीज चुकते, बैठक लांबते. लांबू द्यायची.

लिज्जतचं उदाहरण तुम्हा शहरातल्या मंडळींना माहीत असेलच. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलं. आजही तिथल्या शाखेची संचालिका ही भगिनींमधूनच येते. पापड लाटायला किती वेळ लागतो, पाऊस पडला की वाळवणाचं काय होतं, हे तिला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

---

इंद्रायणीकाठ

गोदाकाठचीताई, "जुनीने पेन हातात घ्यायचं नाही" हे वाक्य मी उद्याच्या बैठकीत सांगणार आहे. आमच्याकडे नवा टीम लीडर शिफ्टचा अहवाल लिहायला बसला की जुना सुपरवायझर दोन मिनिटांत कीबोर्ड ओढून घेतो.

वेळेच्या माझ्या मूळ प्रश्नावर कुणाचा अनुभव?

---

स्टुटगार्ट मुक्काम

वेळ "मिळाला तर" असा ठेवला तर मिळत नाही. आमच्याकडे माइस्टरच्या दिवसाच्या वेळापत्रकातच ठरलेली वेळ असते आणि त्या वेळेत त्याला मीटिंगला बोलावता येत नाही. प्लँटप्रमुखसुद्धा बोलावत नाहीत. आणि त्याच्या वार्षिक मूल्यांकनात एक साधा प्रश्न असतो : तुम्ही तीन आठवडे रजेवर गेलात तर विभाग कोण चालवेल? रजेवर पाठवून ते बघतातही. इकडे लांब रजा घेणं नेहमीचंच असल्यामुळे दर उन्हाळ्यात आपोआप परीक्षा होते.

---

सह्यकडा

हे आवडलं. आपल्याकडे वरिष्ठ रजाच घेत नाहीत आणि त्याचा अभिमान बाळगतात. मग खालच्याला संधी मिळणार कधी? गणपतीत कोकणातले सगळे सुपरवायझर गावाला जातात, तेवढे दिवस आमच्या शिफ्ट कामगारच चालवतात आणि माल वेळेवर जातो. ते परत आले की पुन्हा "याला काय कळतंय" सुरू. त्या दिवसांत कोणी काय केलं याची नोंद ठेवली तर पुढचे चार टीम लीडर तिथेच सापडतील.

---

पहिलाधर

बरेच दिवस वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितो. आयटीआय मशिनिस्ट, नुकताच टीम लीडर झालोय. मला कुणी आधी घडवलं वगैरे नाही, बोलावलं आणि सांगितलं.

माझी अडचण अशी. गटातले चौघे माझ्याच बॅचचे. एकत्र डबा खातो, एकाच्या लग्नात मी करवला होतो. परवा त्यातल्या एकाने पहिला नग न तपासता लॉट सुरू केला. मी बोललो तर म्हणाला, "आता तू पण साहेब झालास काय?" मी गप्प बसलो. साहेब मला म्हणतात, कडक हो. कडक म्हणजे कसं, ते सांगत नाहीत. काय करावं?

---

टूलरूम

बाळा, लिहिलंस ते फार बरं केलंस. डब्यावरची जागा सोडू नकोस. काही जण बढती मिळाली की वेगळं जेवायला बसतात, तसं करू नकोस.

पहिल्या नगाचं बोलायचं ते मशिनजवळ बोल, चौघांत बोलू नकोस. तो, तू आणि मापायचं गेज, बस्स. त्याला विचार, "हा लॉट पूर्ण रिजेक्ट झाला असता तर रात्री सॉर्टिंगला कोण थांबलं असतं?" उत्तर त्यालाच देऊ दे. आणि त्याच आठवड्यात त्याने काही चांगलं केलं असेल तर तेही सांग, आणि चारचौघांत सांग. धागालेखक म्हणतात त्या जुन्या कार्यक्रमात माणसांशी वागण्याचे चार पाये दिले होते : त्याचं काम कसं चाललंय ते त्याला कळू दे, चांगल्या कामाचं श्रेय दे, बदल होणार असेल तर आधी सांग, आणि ज्याच्यात जे आहे त्याचा उपयोग करून घे. मित्र असला तरी हे चारही लागू पडतात. मित्राला तर जास्तच.

---

अबोली

पहिलाधर, एक भर. मित्रांशी एकदा मोकळं बोलून टाका, कामाबाहेर. "नग तपासला नाही तर मी बोलणार, उद्या मी चुकलो तर तुम्ही बोला." हे आधी बोललेलं असलं की परवासारख्या प्रसंगाला धार राहत नाही.

---

इंद्रायणीकाठ

आणि साहेबांकडे जा. "कडक हो" म्हणाले ना, मग त्यांना शांतपणे विचारा : कोणते निर्णय माझे आहेत? पहिला नग नापास झाला तर लाइन मी थांबवू शकतो का, की फोन करून विचारायचं? रजा कोण मंजूर करणार? माणूस एका मशिनवरून दुसऱ्यावर मी हलवू शकतो का? लिहून घ्या. अधिकार ठरलेला नसेल तर माणूस एक तर गप्प बसतो, नाहीतर ओरडतो.

आणि त्यांना हेही सांगा की आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं तुमच्याबरोबर लाइनवर उभं राहावं. ऑफिसात बोलावू नये, लाइनवर यावं.

---

पहिलाधर

सगळ्यांचे आभार. काल साहेबांशी बोललो. जरा दचकले, पण चिडले नाहीत. पहिला नग नापास झाला तर विचारल्याशिवाय लाइन थांबवायची, हे त्यांनी डायरीत लिहून सही करून दिलं. मशिन बदलायचं पण माझ्याकडे. रजेचं मात्र नाही म्हणाले, तू मित्रांना सोडशील म्हणाले. लाइनवर गुरुवारी येतो म्हणालेत.

---

इंद्रायणीकाठ

छान झालं. रजेसाठी आत्ता भांडू नका. रजेचा तक्ता तुम्ही भरायला मागा, सही त्यांची राहू द्या. प्रत्येक अर्जावर तुमचं मत पेन्सिलने लिहा, द्यावी की न द्यावी आणि त्या दिवशी मशिनवर कोण उभा राहील. दिवाळीपर्यंत त्यांचा निर्णय आणि तुमचं मत किती वेळा जुळलं ते त्यांनाच दिसेल. मग तो विषय पुन्हा काढा. गुरुवारी काय झालं तेही इथे लिहा.